कला, कोड आणि संगणकीय सर्जनशीलता : एकच कारकीर्द घडवू पाहणाऱ्यांसाठी

चित्र काढण्याची आणि कोड लिहिण्याची अशी दोन्हींची ओढ असलेल्या माणसाला बहुधा एकच सल्ला ऐकावा लागतो : पोटासाठी कोड लिहा आणि चित्रे फावल्या वेळात काढा. हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही आणि पुढे त्याच्याकडे परत यावेच लागेल. पण तो देणारा ही दोन कामे मुळातच निराळी आहेत असे धरून चालतो. प्रत्यक्षात गेली साठ वर्षे असे एक क्षेत्र उभे आहे, ज्यात आज्ञावली लिहिणे हेच चित्र रचणे असते आणि त्या आज्ञावलीला स्वतःच्या निर्मितीची पारख करता येईल का, हा संशोधनाचा विषय असतो. या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. एखादी पायरी आधीच चढून झाली असेल तर ती ओलांडून पुढे जायला हरकत नाही. मात्र तिसरी पायरी, अनुभव कितीही असला तरी, कोणी टाळू नये.

पहिली पायरी : आपण कुठल्या बाजूने आलो ते ओळखणे

संगणकाने काढलेल्या चित्रांची पहिली प्रदर्शने 1965 साली भरली. फेब्रुवारीत श्टुटगार्टमध्ये गेओर्ग नेस यांची चित्रे लागली, एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल आणि बेला जुलेश यांची, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्टमध्ये फ्रीडर नाके आणि नेस यांची. यांतले कोणीही कलाशाळेतून आलेले नव्हते. नेस सीमेन्स कंपनीत गणिती म्हणून काम करत, नोल अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत अभियंता होते, आणि नाके यांना विद्यापीठाच्या संगणकाला नवा प्लॉटर, म्हणजे पेनाने कागदावर रेघा मारणारे यंत्र, जोडण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम मिळाले होते. त्या सॉफ्टवेअरची चाचणी घेता घेता ते चित्रांपर्यंत पोहोचले.

दुसऱ्या बाजूनेही माणसे आली. बुडापेस्टमध्ये चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या व्हेरा मोल्नार 1968 साली पहिल्यांदा संगणकासमोर बसल्या, तेव्हा त्या 44 वर्षांच्या होत्या. हॅरॉल्ड कोहेन यांनी 1966 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. चित्रकार म्हणून नाव झालेले असताना, वयाच्या चाळिशीत ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि नंतर ‘आरन’ नावाच्या चित्र काढणाऱ्या आज्ञावलीवर 2016 मध्ये मृत्यू होईपर्यंत काम करत राहिले.

तेव्हा सुरुवात कुठून झाली याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते आपली उणी बाजू कोणती, हे स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करण्याला. प्रोग्रॅमरला सहसा वाटते की नजर आपोआप तयार होईल. चित्रकाराला वाटते की कोड कोणाकडून तरी लिहून घेता येईल. दोन्ही समजुती महागात पडतात, आणि माझ्या मते पहिली जास्त, कारण कोड चुकला तर संगणक तसे सांगतो, पण चित्र फसले तर तो गप्प बसतो.

दुसरी पायरी : आधी कागदावर, मग पडद्यावर

मोल्नार यांनी संगणक मिळण्याच्या कितीतरी आधी, 1959 पासून, ‘काल्पनिक यंत्र’ नावाची पद्धत वापरायला सुरुवात केली होती. त्या स्वतःला काही नियम घालून घेत आणि यंत्राने पाळावेत तसे ते हाताने पाळून चित्रांची मालिका तयार करत. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला पहिला अभ्यास मला माहीत नाही. कागदावर दहा बाय दहा चौकटींची जाळी आखावी, प्रत्येक चौकटीसाठी फासा टाकावा आणि येणाऱ्या आकड्यानुसार आडवी, उभी, तिरपी रेघ काढावी किंवा चौकट रिकामी सोडावी. नंतर नियमांपैकी एकच बदलावा आणि पुन्हा काढावे.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. नियम शब्दांत नेमका लिहिणे वाटते त्याहून अवघड असते. लिहिलेला नियम दुसऱ्या कोणाला देऊन त्याच्याकडून चित्र काढून घेतले की त्यातल्या फटी लगेच दिसतात. आणि हाताने काढताना एखादी चौकट भरण्याचा आपल्याला कंटाळा येतो, कुठे हात नियम मोडायला शिवशिवतो. ती जागा टिपून ठेवावी, कारण आपली आवड नियमापेक्षा वेगळे काही मागते आहे, याची ती खूण असते.

त्यानंतर साधन निवडावे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये सुरू केलेले ‘प्रोसेसिंग’ आणि लॉरेन ली मॅकार्थी यांनी 2013 मध्ये त्याच विचारावर जावास्क्रिप्टसाठी सुरू केलेले ‘पी-फाइव्ह-जेएस’ ही दोन्ही मोफत आहेत आणि कलावंतांना शिकता यावे याच हेतूने बनलेली आहेत. दुसरे ब्राउझरमध्येच चालते, म्हणून बहुतेकांनी तिथून सुरुवात करावी. पुढे कामाच्या स्वरूपानुसार साधने बदलतील : मोठ्या पडद्यांच्या आणि सेन्सरच्या कामांसाठी टचडिझायनर किंवा ओपनफ्रेमवर्क्स, त्रिमितीसाठी हूडिनी किंवा ब्लेंडरमधले जिऑमेट्री नोड्स, ध्वनीसाठी सुपरकोलायडर, प्युअर डेटा किंवा सॉनिक पाय, थेट ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या प्रतिमांसाठी जीएलएसएल भाषेतले शेडर (त्या कार्डासाठीच्या छोट्या आज्ञावली), आणि यंत्रशिक्षणासाठी (मशीन लर्निंग) पायथन. ठोकळे जोडून काम करण्याची साधने म्हणजे खरे प्रोग्रॅमिंग नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. मात्र पहिले वर्षभर तरी एकच साधन धरून राहावे. दर महिन्याला नवे साधन उघडणाऱ्याकडे वर्षअखेरीस बारा साधनांची तोंडओळख असते आणि दाखवण्याजोगे काम एकही नसते.

गणित किती लागते, हा प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला साइन आणि कोसाइन, सदिशांची बेरीज, दोन किमतींमधला प्रवास काढणे आणि भागाकारातली बाकी एवढे पुरते. त्याच्या जोडीला ‘रँडम’ आणि ‘नॉइज’ यांतला फरक मनात पक्का बसवावा. रँडममध्ये प्रत्येक आकड्याचा आधीच्या आकड्याशी काही संबंध नसतो; नॉइजमध्ये शेजारचे आकडे एकमेकांच्या जवळचे असतात. संगणकचित्रे फार गुळगुळीत आणि यांत्रिक दिसतात या असमाधानातून केन पर्लिन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र शोधले, आणि त्यासाठी त्यांना 1997 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. कलाविषयक तक्रारीचे उत्तर एखाद्या सूत्रात सापडते, असा प्रसंग या क्षेत्रात वारंवार येतो.

तिसरी पायरी : एक जुने काम मुळापासून उभे करणे

नेस यांचे 1968 च्या सुमाराचे ‘शॉटर’ (जर्मनमध्ये अर्थ ‘खडी’) हे काम निवडावे. त्यात बारा चौरसांच्या बावीस ओळी आहेत. वरच्या ओळीत चौरस शिस्तीत उभे आहेत. खाली येता येता ते थोडे कलतात, जागा सोडतात आणि तळाशी पूर्ण विस्कळीत होतात. एकूण 264 चौरस, एकच आकार, रंग नाही. एवढ्या सामग्रीवर हे चित्र अर्धे शतक टिकले आहे.

कोडची रचना अशी असते. एका आत एक अशी दोन आवर्तने (लूप) लिहावीत, बाहेरचे ओळींसाठी आणि आतले स्तंभांसाठी. प्रत्येक चौरसासाठी उणे एक ते एक यांमधला एक रँडम आकडा घ्यावा, त्याला ओळीच्या क्रमांकाने गुणावे आणि आलेल्या किमतीवरून चौरसाचा कल आणि सरकण्याचे अंतर ठरवावे. चौरस काढण्यापूर्वी निर्देशक, म्हणजे अंतरे आणि कोन ज्या बिंदूपासून मोजले जातात तो, चौरसाच्या मध्यबिंदूवर न्यावा आणि मगच तो फिरवावा. हा क्रम उलटला तर चौरस स्वतःभोवती न फिरता पानाच्या कोपऱ्याभोवती फिरतात आणि निम्मे चित्र चौकटीबाहेर जाते. नवशिक्यांच्या अर्ध्याअधिक अडचणी याच ठिकाणी उगवतात. प्रत्येक चौरसानंतर निर्देशकाची आधीची स्थिती परत आणायचीही आठवण ठेवावी, नाहीतर एका चौरसाचा कल पुढच्यात साठत जातो.

चित्र दिसू लागले की खरे काम सुरू होते. पहिल्यांदा सीड, म्हणजे रँडम आकड्यांच्या मालिकेचा आरंभबिंदू, निश्चित करावा. त्यामुळे तेच चित्र हवे तेव्हा पुन्हा मिळते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहता येतो. मग ओळीच्या क्रमांकाऐवजी त्याचा वर्ग वापरून पाहावा. विस्कळीतपणा बराच वेळ लपून राहतो आणि शेवटच्या काही ओळींत एकदम उसळतो. चित्राचा स्वभाव हळूहळू ढासळण्याऐवजी अचानक कोसळण्याचा होतो. त्यानंतर रँडमच्या जागी नॉइज ठेवावे. आता शेजारचे चौरस एकाच दिशेला कलू लागतात आणि दगडांच्या राशीऐवजी वाऱ्याने हललेले शेत दिसू लागते. सूत्रातले एक चिन्ह बदलल्याने भाव बदलतो, हे इथे डोळ्यांना पटते. शेवटी कल आणि सरकणे यांतले एकेक बंद करून पाहावे आणि अव्यवस्था नेमकी कितव्या ओळीपासून जाणवते, ते दोन-चार जणांना विचारावे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, आणि गणितानुसार ती ज्या ओळीत सुरू झाली तिच्या बरेच खाली येईल.

या एका कामावर दोन-तीन आठवडे घालवायला मागेपुढे पाहू नये. प्रत्येक बदलासोबत काय अपेक्षित होते, काय दिसले आणि कोणता पर्याय ठेवला, हे वहीत लिहावे. ही वही पुढे पाचव्या पायरीला लागणार आहे.

चौथी पायरी : नजर आणि साहित्य

प्रोग्रॅमिंगच्या बाजूने आलेल्यांनी आठवड्यातले काही तास चित्र काढण्यासाठी आणि मूळ चित्रे समोर उभे राहून पाहण्यासाठी राखून ठेवावेत. याला पळवाट नाही. रंगांपासून आरंभ करता येईल. बहुतेक साधनांत रंगछटा, रंगाची तीव्रता आणि उजळपणा अशा तीन आकड्यांनी रंग ठरवता येतो. त्या पद्धतीत पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा यांच्या उजळपणाचा आकडा एकच असतो, पण डोळ्यांना पिवळा झगझगीत आणि निळा काळसर दिसतो. म्हणून समान अंतराचे आकडे घेऊन बनवलेली रंगमाला डोळ्यांना समान अंतराची वाटत नाही. मानवी दृष्टीच्या जवळ जाणारी ‘ओकेलॅब’ ही रंगपद्धती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीच रंगमाला करून दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

दुसरा उपाय म्हणजे काम पडद्यावरून कागदावर उतरवणे. पेन धरून रेघा मारणारा प्लॉटर उसना मिळाला तरी चालेल. पडद्यावर एकमेकींवर गेलेल्या शंभर रेघा फक्त काळ्या दिसतात. कागदावर तिथे शाई साचते, कागद फुगतो आणि कधी फाटतो. रेघा कोणत्या क्रमाने काढाव्यात, याचाही विचार करावा लागतो, नाहीतर पेन हवेतच निम्मा वेळ फिरत राहतो. हा क्रम लावण्यासाठी ‘व्हीपाइप’सारखी मोफत साधने आहेत. साहित्य विरोध करू लागले की निर्णय नेमके होतात.

निवड करण्याचा सरावही इथेच सुरू करावा. संगणक एका रात्रीत हजार चित्रे देतो; त्यातली कोणती पाच ठेवायची, हे ठरवणे कलावंताचे मुख्य काम होऊन बसते. पाच निवडताना प्रत्येकासाठी एक वाक्य लिहावे, आणि नाकारलेल्यांपैकी पाचांसाठीही. “हे छान आहे” असे वाक्य चालणार नाही. “डाव्या बाजूला रिकामी जागा राहिल्याने नजर वर सरकते” असे वाक्य चालेल.

पाचवी पायरी : संगणकीय सर्जनशीलता म्हणजे काय ते करून पाहणे

आतापर्यंत निवड माणसाने केली. हीच निवड आज्ञावलीकडे कितपत सोपवता येईल, या प्रश्नापासून संगणकीय सर्जनशीलता हे संशोधनक्षेत्र सुरू होते. नुसते भरमसाट निर्माण करणे या क्षेत्रात पुरेसे मानले जात नाही. निर्माण झालेले नवे आहे का आणि मोलाचे आहे का, याचा काही अंदाज आज्ञावलीला असावा, अशी अपेक्षा असते. मार्गारेट बोडन यांनी सर्जनशीलतेचे तीन प्रकार मांडले : ओळखीच्या कल्पनांचा अनपेक्षित मेळ घालणारी, ठरलेल्या नियमांच्या प्रदेशात फिरून नव्या जागा शोधणारी, आणि ते नियमच बदलून टाकणारी. ‘शॉटर’च्या कोडमधले आकडे बदलणे हा दुसरा प्रकार झाला. तिसरा प्रकार यंत्राकडून साधणे सर्वांत कठीण. सायमन कोल्टन यांनी 2008 मध्ये आणखी एक कसोटी सुचवली, ती म्हणजे एखाद्या आज्ञावलीला सर्जनशील म्हणायचे तर तिच्यात कौशल्य, रसग्रहण आणि कल्पनाशक्ती या तिन्हींची वागणूक दिसावी. आपल्या कोडला हे तीन प्रश्न विचारून पाहिले की दुसऱ्यापाशीच अडायला होते.

प्रत्यक्ष अभ्यास असा करावा. ‘शॉटर’च्या कोडमधले सात-आठ आकडे, म्हणजे कमाल कल, सरकण्याचे अंतर, वाढीचा घात, रेघेची जाडी वगैरे, एका यादीत काढावेत. त्या यादीची नऊ वेगवेगळी रूपे तयार करून पडद्यावर एकत्र दाखवावीत, आवडलेली दोन निवडावीत, त्यांचे आकडे एकमेकांत मिसळून आणि थोडे हलवून पुढची नऊ बनवावीत, आणि हे चक्र चालू ठेवावे. कार्ल सिम्स यांनी 1991 मध्ये याच कल्पनेवर, पण साध्या आकड्यांऐवजी संपूर्ण सूत्रांची उत्क्रांती घडवून, थक्क करणाऱ्या प्रतिमा काढून दाखवल्या होत्या. पंधरा-वीस पिढ्यांनंतर निवडणाऱ्याचे डोळे थकतात आणि निवडी बेफिकीर होऊ लागतात. हा या पद्धतीचा जुना, नोंदलेला दोष आहे.

म्हणून पुढचा टप्पा. वहीत लिहिलेल्या कारणांपैकी जे मोजता येईल ते मोजावे : रिकाम्या जागेचे प्रमाण, समतोल, कॉम्प्रेस केल्यावर प्रतिमेची फाइल किती लहान होते यावरून गुंतागुंतीचा ढोबळ अंदाज. या मापांवरून आज्ञावलीने स्वतः चित्रांना गुण द्यावेत आणि तिची क्रमवारी आपल्या निवडीशी ताडून पाहावी. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे कारण शोधावे. कधी माप चुकीचे निघेल, कधी आपणच सवयीने एका ठराविक चित्राकडे वळतो असे आढळेल. कोहेन यांच्या ‘आरन’ने सुरुवातीची अनेक वर्षे फक्त रेषा काढल्या आणि रंग ते स्वतः हाताने भरत, रंग निवडण्याचे आपले ज्ञान नियमांत उतरवायला त्यांना 1990 चे दशक उजाडले. रंगांवर आयुष्यभर प्रभुत्व असलेल्या चित्रकाराला ते नियमांत मांडायला इतकी वर्षे लागली, तर नवशिक्याने घाई करण्याचे कारण नाही.

या वाटेने संशोधनाकडे जायचे असेल तर 2010 पासून भरणारी संगणकीय सर्जनशीलतेची आंतरराष्ट्रीय परिषद, आयसीसीसी, हे मुख्य व्यासपीठ आहे. तिथले शोधनिबंध मोफत वाचता येतात.

सहावी पायरी : तयार प्रतिमा देणाऱ्या मॉडेलांशी कसे वागावे

यंत्रशिक्षणाने तयार केलेल्या मॉडेलला वाक्य लिहून दिले की प्रतिमा मिळते, मग एवढे सगळे शिकायचे कशाला, असे आज अनेकांना वाटते. मॉडेल वापरण्यात गैर काही नाही. पण मॉडेलचा आतला प्रदेश दुसऱ्याने घडवलेला असतो आणि त्यात फिरणारे लाखो असतात. त्यात आपले काम ओळखू यायचे असेल तर मॉडेल हे साहित्य मानून त्याच्याभोवती स्वतःची रचना उभी करावी लागते : स्वतः जमवलेल्या चित्रांवर लहान मॉडेल शिकवणे, त्याच्या उत्तरांवर आपला निवडीचा कोड चालवणे, किंवा त्याच्या चुकाच विषय म्हणून घेणे.

हक्कांबाबत सावध राहावे. 2018 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात यंत्रशिक्षणाने बनवलेले एक व्यक्तिचित्र 4,32,500 डॉलरला विकले गेले, आणि लगेच वाद उठला, कारण ते बनवणाऱ्या गटाने दुसऱ्या एका तरुण कलावंताने खुला ठेवलेला कोड वापरला होता. परवाना काय म्हणतो आणि श्रेय कोणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरे काम दाखवण्यापूर्वी तयार हवीत. शेडर शिकणारे ज्या ‘शेडरटॉय’ संकेतस्थळावरून कोड उचलतात, तिथे लेखकाने वेगळे काही सांगितले नसेल तर व्यावसायिक वापराला मनाई करणारा परवाना लागू असतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. शिवाय माणसाच्या कर्तृत्वाशिवाय निव्वळ यंत्राने बनवलेल्या कृतीला स्वामित्वहक्क मिळत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2025 मध्ये कायम केला. इतर देशांचे कायदे निराळे असू शकतात. पण आपण कोणते निर्णय घेतले याची नोंद ठेवणे सगळीकडेच उपयोगी पडते.

सातवी पायरी : उत्पन्नाचा कणा ठरवणे

आता त्या पहिल्या सल्ल्याकडे. नेस यांनी सीमेन्समधली नोकरी सांभाळून चित्रे केली, तेव्हा नोकरी आणि कला यांची सांगड नवी नाही. फरक इतकाच की वाटेल ती नोकरी घेण्याऐवजी ज्या कामात तीच साधने आणि तीच नजर वापरली जाते ते निवडावे : दृश्य-परिणाम आणि गेम स्टुडिओंत तांत्रिक कलाकार, माहितीची दृश्य मांडणी, संग्रहालयांसाठी संवादी मांडण्या, कलावंतांसाठी साधने बनवणे किंवा शिकवणे. यांतल्या एका गोष्टीवर घरखर्च चालवावा आणि स्वतःची कलाकृती त्याच्या शेजारी वाढवावी. विद्यापीठ ही आणखी एक वाट आहे, मात्र तिथे पदव्या आणि वर्षे दोन्ही खर्ची पडतात.

कलाकृतीच्या विक्रीवर सगळा भार टाकू नये. नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘आर्ट ब्लॉक्स’ने ब्लॉकचेनवर (मालकीची सामायिक डिजिटल नोंदवही) जनरेटिव्ह, म्हणजे कोडमधून निघणाऱ्या, चित्रांची विक्री सुरू केली, 2021 मध्ये किमती आकाशाला भिडल्या आणि पुढच्या वर्षी कोसळल्या. त्या लाटेतून एक चांगली शिस्त मात्र उरली. तिथे खरेदीच्या क्षणी सीड ठरतो आणि कलावंताला नंतर निवड करता येत नाही, त्यामुळे कोडमधून निघणारे प्रत्येक चित्र उभे राहील असाच कोड लिहावा लागतो. विकायचे नसले तरी हा सराव करावा.

सार्वजनिक जागेतल्या मांडणीचे काम मिळाले तर त्याची परीक्षा उद्घाटनानंतर होते. यंत्र चालू होताच प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, कोसळला तर स्वतःच पुन्हा उठावा, इंटरनेट गेले तरी चालत राहावा आणि सिस्टिमचे अपडेट, सूचना, स्क्रीनसेव्हर बंद असावेत. दर फ्रेमला एक लहानशी वस्तू मेमरीत शिल्लक राहत असेल, तर सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशेबाने तासाला 2,16,000 वस्तू साचतात. दहा मिनिटांच्या चाचणीत काही कळत नाही आणि तिसऱ्या दिवशी पडदा गोठतो. शेडरमध्ये वेळ 32 बिटांच्या दशांश संख्येत वाढत ठेवला असेल, तर साधारण 36 तासांनी त्या संख्येची अचूकता एका फ्रेमच्या अवधीइतकी भरड होते आणि सळसळणारी हालचाल अडखळू लागते. म्हणून वेळ ठराविक अंतराने शून्यावर आणावा आणि काम सुपूर्द करण्यापूर्वी सलग तीन-चार दिवस चालवून पाहावे. तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी एका पानाची सूचना भिंतीवर लावावी. त्यात “बंद कसे करायचे” हे पहिले वाक्य असावे.

करार लेखीच करावा. त्यात आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून मिळतील, देखभाल कोण आणि किती काळ करणार, आणि कोडची मालकी कोणाची, हे चार मुद्दे स्पष्ट लिहावेत. चौथ्या मुद्द्यावर ग्राहक बहुधा सरसकट सर्व हक्क मागतो. त्या कामातून निघालेल्या प्रतिमा आणि त्या ठिकाणी चालणारी आवृत्ती ग्राहकाची, पण वर्षानुवर्षे जमवलेली आपली मूळ साधने आपली, अशी विभागणी सुचवावी. बहुतेक वेळा ती मान्य होते, कारण मागणाऱ्याने त्याचा फारसा विचार केलेला नसतो.

आठवी पायरी : काम दाखवणे आणि जपणे

पोर्टफोलिओत चार-पाच कामे पुरेत. मात्र प्रत्येकासोबत एक चित्र, एक छोटी चित्रफीत, नियम सांगणारा परिच्छेद आणि निवडीमागचा विचार असावा. कोड वाचणाऱ्याला आणि चित्र पाहणाऱ्याला तेच पान उपयोगी पडले पाहिजे. दर जानेवारीत रोज एका सूचनेवर काम करण्याचा ‘जेन्युअरी’ हा उपक्रम ओळखी होण्यासाठी चांगला आहे, पण त्यातली रोजची चित्रे जशीच्या तशी पोर्टफोलिओत टाकू नयेत. ऑस्ट्रियातल्या लिंट्सला 1979 पासून भरणारा आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव आणि 1974 पासून चालणारी संगणक-ग्राफिक्सची सिग्राफ परिषद यांच्याकडे अर्ज जरूर करावेत. नकार आला तरी अर्जासाठी लिहिलेले निवेदन पुढच्या अर्जाला कामी येते.

जपणुकीकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. ब्राउझरांनी पानात बसवलेले छोटे जावा-प्रोग्रॅम, म्हणजे जावा अ‍ॅपलेट चालवणे बंद केले तेव्हा प्रोसेसिंगमधली सुरुवातीची कितीतरी कामे संकेतस्थळांवरून नाहीशी झाली, आणि 2020 च्या अखेरीस अ‍ॅडोबीने ब्राउझरमध्ये अॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर तेच पुन्हा घडले. म्हणून काम पूर्ण झाल्याच्या दिवशीच त्याचा संपूर्ण कोड, वापरलेल्या लायब्ररींच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडसंचांच्या) प्रती त्यांच्या आवृत्तीक्रमांकासह, वापरलेले सर्व सीड, छपाईच्या दर्जाच्या प्रतिमा आणि चालू कामाचे चित्रीकरण एका फोल्डरमध्ये ठेवावे. सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नियम अशा तऱ्हेने लिहून ठेवावेत, की मूळ भाषा आणि यंत्र दोन्ही हाताशी नसतानाही एखाद्याला ते काम पुन्हा उभे करता येईल. हे वर्णन नीट लिहिले आहे की नाही, हे तपासायला दुसऱ्या पायरीवरची युक्तीच वापरावी : ते कोणाच्या तरी हाती द्यावे आणि कागदावर चित्र काढायला सांगावे.